पन्हाळ्याच्या चढानंतर ग्लुकोज, गूळ की भाकरी?

पत्राचा सारांश : लेखिका कोल्हापुरातल्या, वय 41, वजन 58 किलो, नोकरी बैठी. गेली काही वर्षं सायकल चालवतात आणि पळतात. दर शनिवारी पहाटे ग्रुपबरोबर पन्हाळा करून येतात, कधी वाघबिळावरून बांबवड्याच्या दिशेनं आणखी पुढे. तीन-साडेतीन तास मोडतात. रविवारी सकाळी रंकाळ्याच्या बाजूनं 15-16 किलोमीटर पळतात. शनिवार मजेत जातो, पण रविवारी पाचव्या-सहाव्या किलोमीटरपासून पाय ओढून न्यावे लागतात. ट्रेनर सांगतात, सायकलवरून उतरल्यावर अर्ध्या तासाच्या आत ग्लुकोजचं पाणी घ्या, नाहीतर मेहनत वाया. फळं नकोत, त्यांतली फ्रुक्टोज नावाची साखर स्नायूंपर्यंत पोचत नाही. सासऱ्यांचं गुऱ्हाळ आहे. त्यांच्या मते खरी ताकद गुळात आणि काकवीत. नवरा म्हणतो, कुठलीच साखर नको, कारण लेखिकेच्या वडिलांना मधुमेह आहे. शनिवारचं खाणंही त्यांनी लिहून पाठवलंय : घरी आल्यावर ग्लुकोजचं पाणी, प्लेटभर पोहे, दुपारी दोन चपात्या-भाजी आणि वाटीभर भात, संध्याकाळी चहा, रात्री डाळ आणि कोशिंबीर. "रात्री भात-भाकरी बंद केली आहे, वजन वाढू नये म्हणून." त्यांचा प्रश्न : नेमकी कुठली साखर घेतली तर रविवारी पाय साथ देतील? आणि ती घेता घेता मी वडिलांच्या वाटेला तर लागणार नाही?

ताई,

साखरेबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंय, आणि रात्रीच्या जेवणाबद्दल जाता जाता एकच ओळ. मी त्या ओळीपाशी थांबले. तुमच्या रविवारचं उत्तर मला तिथे दिसतं. पण तुम्ही साखरेचं विचारलंय, आणि ट्रेनर, सासरे, नवरा या तिघांच्या बोलण्यात थोडं थोडं खरंही आहे. तेव्हा आधी साखरेचं नीट बघू, मग त्या ओळीकडे येऊ.

चढावर पायांना जी ताकद लागते ती बरीचशी ग्लायकोजेनमधून येते. ग्लायकोजेन म्हणजे शरीरानं साठवून ठेवलेलं ग्लुकोज. प्रौढ माणसाच्या स्नायूंमध्ये ते साधारण 300 ते 500 ग्रॅम असतं आणि यकृतात 80 ते 100 ग्रॅम. हे दोन साठे सारखे वागत नाहीत. स्नायूंमधला साठा म्हणजे ज्याच्या त्याच्या घरातली कणगी. मांडीतलं ग्लायकोजेन मांडीच वापरते, ते बाहेर रक्तात जात नाही. यकृताचा साठा मात्र गावाच्या कोठारासारखा. तिथलं ग्लुकोज रक्तात सोडलं जातं आणि मेंदूपासून पायापर्यंत ज्याला लागेल त्याला मिळतं. तीन तास सायकल चालवल्यावर दोन्हीकडे तळ दिसायला लागतो.

हे आपल्याला कळलं कसं, ती गोष्ट मला फार आवडते. स्वीडनमधले योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हल्टमन या दोघांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकच सायकल, दोघं दोन बाजूंना बसलेले, आणि प्रत्येकानं एकाच पायानं पॅडल मारायचं. दुसरा पाय स्वस्थ. पुढचे तीन दिवस दोघांनी भरपूर कर्बोदकं खाल्ली आणि सुईनं मांडीच्या स्नायूचे कण काढून तपासले. दमलेल्या पायात स्वस्थ पायाच्या सुमारे दुप्पट ग्लायकोजेन साठलेलं निघालं. हे 1966 साली प्रसिद्ध झालं. माणूस तोच, जेवण तेच, रक्त तेच. तरी ज्या पायानं काम केलं त्यानंच ते ओढून घेतलं. दमलेला स्नायू भुकेला असतो आणि त्याला दिलेलं तो वाया घालवत नाही, हे तेव्हापासून पक्कं माहीत आहे. तुमच्या नवऱ्याच्या काळजीकडे जाताना हा प्रयोग मला पुन्हा लागणार आहे.

आता साखरा. ग्लुकोज आतड्यातून थेट रक्तात येतं आणि रक्तातून स्नायूत जातं. मधे फारसं काही घडावं लागत नाही. फ्रुक्टोजचा रस्ता वेगळा. आतड्यातून आत शिरायला त्याचं दार वेगळं, आणि आत आल्यावर बहुतेक फ्रुक्टोज आधी यकृत उचलतं. तिथे त्याचं ग्लुकोज, लॅक्टेट किंवा यकृताचंच ग्लायकोजेन होतं, मग उरलेलं पुढे. म्हणून नुसतं फ्रुक्टोज घेतलं तर स्नायू हळू भरतात. 1987 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यायामानंतर लोकांना ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि आपली नेहमीची साखर म्हणजे सुक्रोज असं वेगवेगळं देऊन पाहिलं. फ्रुक्टोजवर स्नायू भरण्याचा वेग ग्लुकोजच्या जेमतेम अर्ध्याच्या वर होता. तुमचे ट्रेनर म्हणतात ते इथून आलंय, आणि इथपर्यंत ते बरोबर आहे.

पण त्याच अभ्यासात सुक्रोज ग्लुकोजच्या जवळपास बरोबरीनं चाललं. सुक्रोजच्या प्रत्येक कणात ग्लुकोजचा एक आणि फ्रुक्टोजचा एक असे दोन भाग जोडलेले असतात. म्हणजे निम्मं फ्रुक्टोज असूनही स्नायू फार मागे पडले नाहीत. आणि नुसतं फ्रुक्टोज कोण खातं? केळ्यात ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज तिन्ही असतात, शिवाय थोडा स्टार्च. खजुरात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जवळपास सारखं. मधात फ्रुक्टोज थोडं जास्त, पण ग्लुकोजही भरपूर. "फ्रुक्टोज म्हणून फळं नकोत" हा सल्ला प्रयोगशाळेतल्या शुद्ध पावडरीला लागू पडतो, तुमच्या टोपलीतल्या केळ्यांना नाही. फळं बंद केली असतील तर कृपा करून आजच सुरू करा.

मामंजींच्या गुळाचं काय? गूळ म्हणजे मुख्यतः सुक्रोजच. काहिलीत रस आटताना उष्णतेनं आणि रसातल्या आम्लानं थोडं सुक्रोज फुटतं आणि त्याचं सुटं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं. काकवीत हे सुटं प्रमाण आणखी जास्त, म्हणून ती घट्ट बसत नाही. शिवाय थोडं पोटॅशियम, थोडं लोह. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच्या चवीबद्दल मी कुणाशीही वाद घालणार नाही. पण वीस ग्रॅम गुळाच्या खड्यातली खनिजं दिवसाच्या जेवणापुढे किरकोळ असतात. तुमच्या मांडीच्या दृष्टीनं गूळ आणि साखर यांत मोजण्याजोगा फरक नाही. गूळ आवडतो, घरचा आहे, तर तोच घ्या. रक्तातली साखर तो कमी वाढवतो या समजुतीवर मात्र जाऊ नका. वडिलांनीही जाऊ नये.

इथपर्यंत वाचून वाटेल की ग्लुकोज एक नंबर आणि बाकी सगळं त्याच्या मागे. ते तसं नाही, आणि हा भाग तुमच्या ट्रेनरना मुद्दाम दाखवा. यकृताच्या साठ्याचा विचार केला की चित्र उलटतं. 2016 साली युरोपातल्या संशोधकांनी दमवलेल्या सायकलपटूंना पाच तास एकदा ग्लुकोज आणि एकदा सुक्रोज दिलं आणि स्नायू आणि यकृत दोन्हीकडचं ग्लायकोजेन मोजलं. स्नायू दोन्ही वेळी सारखेच भरले. यकृत मात्र सुक्रोजवर स्पष्टपणे जास्त भरलं. 2018 मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी पुढचं पाऊल टाकलं : व्यायाम, मग चार तास विश्रांती, मग त्याच दिवशी पुन्हा दमेपर्यंत पळायचं. विश्रांतीत ज्यांना ग्लुकोजच्या जोडीला फ्रुक्टोज मिळालं होतं ते दुसऱ्या खेपेला जास्त वेळ पळू शकले. शिवाय नुसतं ग्लुकोज मोठ्या प्रमाणात प्यायलं की पोट डबडबतं, मळमळतं. दोन वेगळ्या दारांनी दोन साखरा आत गेल्या तर हा त्रास कमी होतो.

म्हणजे कमी वेळात पुन्हा पळायचं असेल तर मिश्र साखर सगळ्यांत उपयोगी. उसाचा रस, गुळाचं पाणी, केळी, साधं साखर-मीठ-लिंबाचं सरबत, सगळं चालतं. महागडी पावडर लागत नाही.

आता तो अर्धा तास. व्यायाम संपल्यावर पहिला तासभर स्नायूंची दारं उघडीच असतात. इन्शुलिनची फारशी वाट न बघता ग्लुकोज आत जातं. नंतर वेग उतरतो. 1988 साली टेक्सासमधल्या जॉन आयव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की व्यायामानंतर लगेच साखर दिली आणि दोन तासांनी दिली, तर उशिरा दिलेल्यांचे स्नायू त्यापुढच्या दोन तासांत साधारण निम्म्या वेगानं भरतात. अर्ध्या तासाची धास्ती सगळ्या जिममध्ये पसरली ती अशाच निष्कर्षांवरून. पण 1997 साली ऑस्ट्रेलियात दुसरा प्रश्न विचारला गेला : दोन तास उशीर झाला, पण नंतर पोटभर खाल्लं, तर आठ तासांनी आणि चोवीस तासांनी काय दिसतं? काहीच फरक दिसला नाही. मागे पडलेले स्नायू बरोबरीला आले.

तुमची सायकल शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला थांबते आणि रविवारचं पळणं सहाला सुरू होतं. मधे वीस तास आहेत, ताई. एवढ्या वेळात ग्लुकोज घेतलं की गूळ, दहा वाजता घेतलं की साडेअकराला, यानं रविवारचे पाय ठरत नाहीत. या वीस तासांत एकूण किती कर्बोदकं पोटात गेली, यानं ठरतात. माझ्या मते तुम्ही तिघांचे सल्ले ऐकता ऐकता हा एक प्रश्न विचारायचा राहिला, आणि त्या तिघांच्याही तो लक्षात आला नाही.

चला, मोजू. तीन तासांच्या सायकलनंतर दुसऱ्या दिवशी पुन्हा लांब पळायचं असेल तर वजनाच्या दर किलोला सहा-सात ग्रॅम कर्बोदकं त्या दिवसात लागतात. तुमच्यासाठी ते झालं 350 ते 400 ग्रॅम. तुमच्या यादीत काय आहे? ग्लुकोजचं पाणी 30 धरू. पोह्यांचे 45. दुपारच्या दोन चपात्या आणि भात मिळून 80. चहाचे 10. रात्रीच्या डाळ-कोशिंबिरीतून 20. बेरीज 185. गरजेच्या निम्मी. उरलेली निम्मी तुम्ही रविवारी पाचव्या किलोमीटरला शोधत असता.

यावर तुम्ही वजनाचं म्हणाल, आणि ते मी हलक्यात घेत नाही. पण शनिवारी रात्री भात खाल्ला आणि रविवारी सकाळी काटा किलोभर पुढे दिसला, असं झालं असेल तर त्याचं कारण बघा. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर स्नायूत साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. 300 ग्रॅम ग्लायकोजेन परत भरलं तर पाणी धरून सव्वा किलोच्या आसपास वजन वाढतं. ती चरबी नाही. रविवारी पळताना जे लागणार आहे तेच आत आलंय. वजन कमी करायचं असेल तर ते आठवड्यातल्या हलक्या दिवशी करा. मंगळवार-बुधवारी, जेव्हा नुसतं ऑफिस असतं, तेव्हा रात्रीचा भात कमी करा. सगळ्यांत कष्टाच्या दिवशी सगळ्यांत कमी खायचं, हे शरीराशी भांडण आहे.

नवऱ्याची भीती खरी आहे, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं. वडिलांना मधुमेह असेल तर तुमचा धोका इतरांपेक्षा जास्त, यात शंका नाही. पण तो दोन पायांचा प्रयोग आठवा. तीन तास काम केलेला स्नायू रक्तातलं ग्लुकोज इन्शुलिनच्या फारशा मदतीशिवाय आत घेतो, आणि इन्शुलिनला मिळणारा त्याचा चांगला प्रतिसाद पुढे दिवसभर, कधी दोन दिवस टिकतो. पन्हाळा करून आलेल्या तुमच्या शरीरात उसाच्या रसाचा ग्लास आणि दुपारभर खुर्चीत बसलेल्या माणसाच्या शरीरातला तोच ग्लास यांचा प्रवास वेगळा असतो. नियमित सायकल आणि पळणं हा मधुमेह लांब ठेवण्याचा आपल्या हातातला फार मोठा उपाय आहे. खायला न मिळाल्यानं तो सोडावा लागला तर तोटा कुणाचा?

तरीही साखरेला मोकळं रान द्या असं मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली सांगितलं की वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचे रस यांतून येणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, पाच टक्क्यांच्या आत आली तर उत्तम. दोन हजार कॅलरींच्या आहाराला हे 50 आणि 25 ग्रॅम होतं. तुमचे 350 ग्रॅम साखरेतून यायला नकोतच. भात, भाकरी, पोहे, बटाटा, रताळं यांतला स्टार्च पचून शेवटी ग्लुकोजच होतो, आणि वीस तासांच्या हिशेबात स्नायूला तेवढंच हवं असतं. ट्रेनरचं ग्लुकोज तुम्हाला भातातून मिळतंच आहे. साखर वापरायची ती सायकलवर असताना आणि उतरल्यावर लगेच, जेव्हा भूक मेलेली असते आणि जेवण जात नाही. उरलेल्या दिवसांत, विशेषतः बैठ्या दिवसांत, ग्लुकोजचं पाणी बाटलीत भरून ऑफिसला नेऊ नका. वर्षातून एकदा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतली रक्तातली सरासरी साखर दाखवणारी चाचणी, करून घ्या. 5.7 टक्क्यांच्या खाली असेल तर नवऱ्याला तो कागद दाखवा, 5.7 ते 6.4 मध्ये आलं तर डॉक्टरांशी बोलून आपण सगळं पुन्हा मांडू. आणि हे वाचणाऱ्यांपैकी कुणी मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेऊन सायकल चालवत असेल, तर वरचं काहीही आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. त्यांच्यात व्यायामानंतर साखर एकदम खाली जाण्याचा धोका असतो.

मग शनिवार कसा असावा? पहिली गोष्ट सायकलवरच करायची. तुम्ही तीन तासांत नुसतं पाणी पिता, असं पत्रावरून दिसतं. दीड तासाच्या वरच्या कुठल्याही राइडला तासाला 30 ग्रॅम तरी पोटात जाऊ द्या. पुढे सवयीनं 60 पर्यंत न्या. एक केळं आणि गुळाचा छोटा खडा, एवढ्यात 40 होतात. कणगी पूर्ण रिकामी होऊच दिली नाही तर भरायलाही कमी लागतं. शेंगदाण्याची चिक्कीही चालते, पण वाघबिळाच्या चढाच्या आधी नको. शेंगदाण्यातलं तेल पोटात रेंगाळतं.

पन्हाळ्यावर पोचल्यावर बाकीचे झुणका-भाकरीवर तुटून पडतात आणि तुम्ही "घरी जाऊन पोहे खाईन" म्हणून बाजूला बसता, हे वाचून मला वाईट वाटलं. बसा त्यांच्याबरोबर. ज्वारीच्या एका भाकरीत 40 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, झुणक्यातून प्रथिनं मिळतात, दह्यातून आणखी थोडी. कर्बोदकं कमी पडत असतील तेव्हा सोबत किलोमागे 0.3-0.4 ग्रॅम प्रथिनं घेतली तर स्नायू भरायला मदत होते. तुमच्यासाठी ती वीस ग्रॅमच्या आसपास. दुपारी घरी तांबडा-पांढरा असेल तर पांढऱ्या रश्श्याबरोबर भात मोजून वाढू नका.

मिसळीचंही विचाराल म्हणून सांगते. 2015 साली अमेरिकेतल्या मोंटाना विद्यापीठात 11 सायकलपटूंना दमवून एकदा खेळाडूंसाठीच्या खास पावडरी-बार दिले आणि एकदा बर्गर-फ्राइजसारखं हॉटेलातलं खाणं, कर्बोदकं सारखीच ठेवून. स्नायू दोन्ही वेळी सारखेच भरले. तेव्हा राइडनंतरची मिसळ हे पाप नाही; फक्त कटावर ताव मारून ब्रेड बाजूला सारायचा नाही, कारण भरपाई ब्रेड करतोय. दर शनिवारी मात्र नको.

आणि रात्री दोन भाकऱ्या, किंवा भरपूर आमटी-भात. ही माझी सगळ्यांत महत्त्वाची सूचना आहे. सायकलवरचे 65-70 आणि रात्रीचे 85 धरले की तुमची बेरीज 185 वरून 335 ला येते. पन्हाळ्यावरच्या एका भाकरीनं 350 ओलांडते. ग्लुकोजची पावडर नाही घेतली तरी फार बिघडत नाही. रविवारी निघण्याआधी एक केळं किंवा गूळ लावलेली चपाती खा, कारण झोपेत यकृताचा साठा बराच उतरलेला असतो.

तुमच्यासारखेच प्रश्न इतरांचेही येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. शाहू स्टेडियमवर आज सामना आणि उद्या पुन्हा सामना असेल तर फुटबॉल खेळणाऱ्या मुलांनी शिट्टी वाजल्यापासून घाई करावी. पहिले चार तास दर तासाला किलोमागे एक ग्रॅम, म्हणजे 65 किलोच्या मुलाला तासाला 65 ग्रॅम, केळी, रस, भात, जे जाईल ते. सकाळी पोहून संध्याकाळी पळणाऱ्या ट्रायथलॉनवाल्यांनाही हेच, आणि त्यांनी ग्लुकोज-फ्रुक्टोजचं मिश्रण मुद्दाम निवडावं. पन्हाळा ते पावनखिंड चालणाऱ्यांनी पहिल्या मुक्कामाला उपाशीपोटी झोपू नये. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं मात्र 1600 मीटरच्या आधी ग्लुकोज ढोसतात ते वाया आहे; पाच-सहा मिनिटांच्या धावेत साठा संपत नाही. त्या मुलांना पोटभर जेवण, झोप आणि वेगाचा सराव यांची गरज आहे.

उसाच्या रसाबद्दल दोन शब्द. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात खेळाडूंना सायकल चालवताना उसाचा रस, बाजारातलं स्पोर्ट्स ड्रिंक आणि साधं पाणी देऊन पाहिलं. कामगिरीत फारसा फरक आढळला नाही. म्हणजे रस कुणापेक्षा कमी नाही. आलं-लिंबू घालून, बर्फ न घालता, चरक स्वच्छ असलेल्या रसवंतीत प्या. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूधही काही जण विचारतात. दुधातल्या साखरेत निम्मं ग्लुकोज आणि निम्मं गॅलॅक्टोज असतं. गॅलॅक्टोज यकृताला आवडतं, आणि दुधाची प्रथिनं उत्तमच. पण ग्लासभर दुधात कर्बोदकं दहा ग्रॅमच, त्यामुळे तालमीतले पैलवान सोबत केळी आणि खारीक खातात ते शहाणपणाचं आहे. दूध उकळून घेतलेलं बरं. कच्च्या दुधातून आजार होतात.

घरच्यांशी वाद घालू नका. मामंजींना म्हणा, राइडला तुमचाच गूळ नेते. ते खूश होतील, आणि त्यात खोटं काही नाही. नवऱ्याला एखाद्या शनिवारी तुमच्याबरोबर पन्हाळ्याला न्या. ट्रेनरना वीस तासांचा हिशेब दाखवा. चांगला ट्रेनर ऐकेल. न ऐकता पावडरच विकत घ्या म्हणाला तर त्याच्या सल्ल्यामागे काय आहे ते ओळखा.

महिनाभर असं करून बघा आणि रविवारी पाय कितव्या किलोमीटरला जड झाले ते लिहून ठेवा. एवढं खाऊनही फरक पडला नाही तर दोष खाण्यात नसेल. तेव्हा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा यावरून कळतो) आणि थायरॉइड तपासून घ्या. चाळिशीतल्या पळणाऱ्या बायकांमध्ये लोहाची कमतरता फार वेळा निघते, आणि हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन खाली असू शकतं. झोप किती होते तेही बघा. शनिवारी चारला उठून रविवारी पुन्हा पाचला उठायचं असेल तर शनिवारी रात्री साडेनऊला अंथरुणात. आणि एक गोष्ट पत्रात तुम्ही लिहिली नाही, पण मी विचारतेच : रात्रीचा भात-भाकरी बंद केल्यापासून पाळी पुढेमागे होतेय का, किंवा थांबली आहे का? तसं असेल तर ते वयामुळे असेल असं धरून बसू नका. कष्टाच्या मानानं अन्न कमी पडतंय याचीही ती खूण असू शकते, आणि त्यात हाडांचं नुकसान होतं. मग महिनाभर थांबायचं नाही, त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं. काय निघालं ते मला कळवा.